ग्लेन मोरनॅकचा दुसरा साक्षीदार

रफिक दाऊद सोलकर स्कॉटलंडला कधी गेला नाही, जाण्याची शक्यता नाही, आणि थंडी त्याला मुळातच मानवत नाही. तरीही तिथल्या ग्लेन मोरनॅक नावाच्या खोऱ्यात कुणाला काही विचित्र जनावर दिसलं, तर ते खरंच दिसलं की नाही हे रफिक ठरवतो. दुबईच्या बर दुबई भागात, अल मनखूलमधल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये, कॅफेटेरियाच्या वरच्या मजल्यावर बसून. याला कुणी उंटावरून शेळ्या हाकणं म्हणेल. म्हणू दे. उंट तरी इथलाच आहे.

मूळचा रत्नागिरीकडचा, जयगडच्या खाडीकाठचा माणूस. सव्वीस वर्षं त्यानं दुबईच्या देरा भागातल्या एका शिपिंग कंपनीत कागद तपासले. कागदावर लिहिलंय तेवढंच आणि तेच कंटेनरमध्ये भरलंय का, हे बघायचं आणि सही करायची. मग कंपनी बंद पडली. रफिक तेव्हा सत्तावन्न वर्षांचा, आणि त्या वयात दुबईत नोकरीसाठी अर्ज करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. व्हिसा गेला की अजमानचा राहता फ्लॅट सोडा, सामान बांधा आणि मुलीचं, कशफचं, युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर टाका. बायको शहरबानू रोज नमाजनंतर दुआ मागत होती, आणि कशफ रोज म्हणत होती, "अब्बा, इट विल वर्क आउट." त्याला कसलाही आधार नव्हता, पण मुलं असंच बोलतात.

त्याला घेतलं हेमा देवस्थळीनं. ही बाई डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते आणि ब्रिटनमधल्या लहानसहान धंद्यांची ऑफिसची कामं इथं करून देते. दातांच्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंट्स, गाद्यांच्या दुकानाच्या तक्रारी, आणि ग्लेन मोरनॅकच्या हॉटेलवाल्यांची जनावरं. त्या खोऱ्यात आठ हॉटेलं आहेत आणि बघण्यासारखं दुसरं काही नाही. तेव्हा हॉटेलवाल्यांनी मिळून एक फॉर्म छापला. ज्याला काही दिसेल त्यानं तो भरायचा, तो स्कॅन होऊन दुबईला यायचा, इथून त्या माणसाला फोन जायचा, आणि 'व्हेरिफाइड' असा शिक्का पडला की महिन्याच्या पत्रकात आकडा छापायचा. फॉर्मवर चार चौकटी होत्या: 'मोठं मांजर', 'पाण्यातलं, लांब मानेचं', 'केसाळ, दोन पायांवर' आणि 'इतर'. ते जगप्रसिद्ध तळ्यातलं प्रकरण मात्र यांच्याकडे नाही. ते फार मोठं अकाउंट आहे असं हेमा सांगते, आणि सांगताना तिला जरा हळहळ वाटते.

रफिकच्या आधी जी बाई हे काम करायची तिनं महिन्याला तीस-पस्तीस जनावरं पास केली होती. एकदा तर एकाच शनिवारी तीन केसाळ, दोन पायांवर. रफिकनं तिची फाइल पहिल्या दिवशी वाचली, चष्मा पुसला आणि हेमाला विचारलं, "मॅडम, या लोकांना कुणी प्रश्न विचारले होते का?"

"नाव, पत्ता, टाइम विचारतो ना आपण."

"ते झालं. साक्ष कुणी घेतली?"

आता साक्ष म्हणजे काय हे हेमाला कुठून माहीत असणार? रफिकला माहीत होतं. त्याचे वडील उर्दू शाळेचे मास्तर, आणि गावानं चंद्राच्या साक्षी घ्यायचं काम त्यांच्याकडे दिलेलं. रमजान कधी लागला आणि ईद कधी झाली हे चंद्र दिसण्यावर. ज्याला दिसला त्यानं सोलकर मास्तरांच्या पडवीत यायचं आणि मास्तर विचारतील त्याची उत्तरं द्यायची. कुठं उभा होतास? तोंड कुठल्या दिशेला? सूर्य बुडून किती वेळ झाला होता? माडाच्या शेंड्याच्या किती बोटं वर? टोकं कुठल्या बाजूला? किती वेळ दिसला, कलमा म्हणून होईल एवढा, की नुसता डोळा लवेल एवढा? आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न ठरलेला: तुला तो दिसायला हवा होता का? या प्रश्नापाशी भले भले अडखळायचे. तीस दिवसांचा उपास एकोणतिसावर सुटावा असं कुणाला वाटत नाही? आणि ज्याला दिसायला हवा असतो, त्याला ढगाची कडसुद्धा चंद्र दिसते.

रफिकनं हेच प्रश्न स्कॉटलंडला लावले. फक्त माडाच्या जागी विजेचा खांब घेतला. कोकणी माणूस दिर्हमचे मनातल्या मनात रुपये करतो, तसे तो फुटांचे हात करी आणि वजनाचं जनावर करी. त्याच्या वहीत 'पाड्याएवढं', 'दोन बोकडांएवढं' असं लिहिलेलं असे. लंडनहून आलेल्या पाहुण्यांना तो विचारायचा, "सर, हॉटेलचं बुकिंग करताना जनावर दिसेल असं पत्रकात वाचलं होतं का?" वाचलेलं असायचंच. "म्हणजे तुम्हाला ते दिसायला हवं होतं." पलीकडून हसण्याचा आवाज यायचा आणि रफिक 'नामंजूर' लिहायचा. चार महिन्यांत त्यानं एकशे अकरा फॉर्म तपासले. मंजूर शून्य.

पत्रकात छापून आलं, 'या महिन्यातली खात्रीशीर दर्शनं: ०'. चार महिने लागोपाठ. हॉटेलवाल्यांची मेल आली, त्यात 'निराशा' हा शब्द दोनदा होता.

"रफिकभाई," हेमा म्हणाली, "आपण व्हेरिफिकेशन करतोय, हायकोर्ट चालवत नाही. थोडे द्या ना. महिन्याला दहा द्या. क्लायंट हॅपी, खलास."

"मॅडम, मी सही करतो त्याखाली."

"मग काय झालं?"

"सही केली म्हणजे मी सांगितलं असं होतं."

हेमा वाईट बाई नाही. तिनं कपाळाला हात लावला आणि सांगितलं की महिनाअखेर कॉन्ट्रॅक्टचा रिव्ह्यू आहे आणि तिच्या हातात फार काही नाही. म्हणजे काय, हे रफिकला सांगायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी तो शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसमध्ये बसून राहिला आणि घरी जाऊन बायकोला काही बोलला नाही.

अशात नोव्हेंबरच्या मध्यावर मिसेस मॅक्रेचा फॉर्म आला. पेननं भरलेला, अक्षर शाळेतल्या बाईचं असावं तसं. वय एक्याऐंशी. 'मोठं मांजर' या चौकटीवर खूण केलेली, मग खोडलेली, आणि 'इतर'वर केलेली. अन्य साक्षीदार: कुणी नाही. शेराच्या जागी एवढंच लिहिलेलं: 'मी हे पाहिलं की नाही, ते कृपया लेखी कळवावं. माझ्या मुलासाठी हवं आहे.'

रफिकनं फोन लावला. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, आणि म्हातारीचं इंग्रजी असं की पहिल्या दिवशी त्याला निम्मंच कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा लावला. आपण मराठीत सांगू.

दुपारचे सव्वातीन. ऊन पाठीमागे, डोंगराच्या टोकाला. रस्ता उत्तरेला जाणारा. डाव्या अंगानं काळं जनावर आलं, पाड्याएवढं, शेपूट लांब आणि टोकाशी वर वळलेलं. रस्त्याच्या मधोमध थांबलं. गाडीकडे पाहिलं. मग उजवीकडच्या दगडी भिंतीवर चढून पलीकडे गेलं. वेळ किती? मिसेस मॅक्रेनं थोडा विचार केला आणि सांगितलं की जेवणाआधीची छोटी प्रार्थना सावकाश म्हणून होईल एवढा. हे उत्तर रफिकला फार पटलं.

"ते काय होतं, मॅडम?"

"मला माहीत नाही. मी मांजरं पाळलीत, कुत्री पाळलीत, मेंढ्या पाळल्यात, आणि चाळीस वर्षं एक नवरा. यातलं ते काही नव्हतं."

"तुम्हाला ते दिसायला हवं होतं का?"

"मुळीच नाही. पिशवीत मासे होते, मला घरी जायचं होतं."

रफिकनं पेन खाली ठेवलं. एकशे अकरा माणसांत असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मग त्यानं विचारलं की मुलाला लेखी कशाला हवं आहे, आणि तिनं सरळ सांगितलं. मुलगा म्हणतो, आईचं डोकं चळलं. नसलेली जनावरं बघते, उद्या गॅस चालू ठेवून झोपेल. त्यानं तिच्यासाठी शहरातल्या एका वृद्धाश्रमात खोली बघितली आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. ती छपन्न वर्षं त्याच एका घरात राहते आहे. घर सोडायला लागलं तर ती जगेल, असं ती म्हणाली, पण तिला त्यात रस नाही.

"मग मी म्हटलं, ज्यांचं हे काम आहे त्यांना विचारू," मिसेस मॅक्रे म्हणाली. "तुम्ही चार महिने सगळ्यांना नाही म्हणताय ते मी पत्रकात वाचलं. तुमचा हो असेल तर कॅलम ऐकेल. त्याला ब्रेक दाबताना बघून मला वाटलं होतं की..."

"कॅलम कोण?"

"माझा मुलगा. गाडी तोच चालवत होता."

"पण मॅडम, तुम्ही अन्य साक्षीदार 'कुणी नाही' असं लिहिलंय."

"तो म्हणतो तो साक्षीदार नाही."

हेमाला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती उठून उभीच राहिली. "रफिकभाई, मग अडलंय कुठे? द्या व्हेरिफाइड. म्हातारी खूश, क्लायंट खूश, माझा रिव्ह्यू झाला. यल्ला, चला."

"एकच साक्ष आहे."

"मग?"

मग त्यानं तिला नियम सांगितला. रमजान लावायचा असेल तर एक साक्षीदार पुरतो. ईद करायची असेल तर दोन लागतात. कष्ट अंगावर घ्यायचे तर एकाच्या शब्दावर घ्यावेत. पण कष्टातून सुटायचं असेल तर दोघांनी सांगायला हवं, कारण सुटायला सगळेच टपलेले असतात. मिसेस मॅक्रेला सुटायचं होतं. म्हणजे ही ईदची साक्ष झाली. आणि दयेपोटी शिक्का मारला तर तो मुलगा म्हणणार, दुबईवाले काय, वाटेल त्याला शिक्के वाटतात. मग त्या कागदाची किंमत काय राहिली?

हेमानं हे सगळं ऐकून घेतलं. "स्कॉटलंडच्या मांजराला रमजानचा रूल," ती म्हणाली आणि आपल्या केबिनमध्ये निघून गेली. पण नाही म्हणाली नाही.

कॅलम मॅक्रे हा त्या भागातला गुरांचा डॉक्टर. रफिकनं फोन केला तेव्हा तो कुणाच्या तरी गोठ्यात होता. मागे गाय हंबरत होती. मी काही पाहिलं नाही, हे त्यानं नमस्कार-चमत्काराच्या आधीच सांगून टाकलं.

"ठीक आहे, सर. ब्रेक कशासाठी दाबला?"

"मेंढी आली मध्ये."

"कुठून कुठे गेली?"

"डावीकडून उजवीकडे."

"मग?"

"मग काय, भिंतीवर चढून गेली पलीकडे."

"भिंत किती उंच, सर?"

"सहा फूट असेल."

रफिकनं लिहून घेतलं. चार हात. मग त्यानं प्रामाणिकपणे विचारलं, कारण त्याला खरंच माहीत नव्हतं, "तुमच्याकडच्या मेंढ्या सहा फुटी भिंतीवर चढतात का? आमच्याकडे बकऱ्या चढतात. मेंढीचं मला ठाऊक नाही."

गायीचा आवाज लांब गेला; कॅलम गोठ्याबाहेर आला होता.

"हा कॉल कोण कोण ऐकतं?" कॅलमनं विचारलं.

"क्वालिटीसाठी रेकॉर्ड होतो, सर. ऐकत कुणी नाही."

मग कॅलम बोलायला लागला. चाळीस मैलांत तो एकटा डॉक्टर. कुणाची मेंढी फाडलेली सापडली की त्याला बोलावतात, आणि कुत्र्यानं फाडली की कोल्ह्यानं हे त्यानं सांगायचं असतं. उद्या त्यानं काळं मांजर म्हटलं, की खोऱ्यातली प्रत्येक मेलेली मेंढी त्या मांजरानंच मारली असं लोक त्याच्याकडून लिहून मागणार. निम्मे लिहून मागणार आणि निम्मे हसणार. वीस वर्षांत कमावलेलं नाव एका दुपारी जाणार.

"आणि तुमच्या आई?" रफिकनं विचारलं.

"आई एक्याऐंशी वर्षांची आहे. ती काय म्हणते ते कुणी मनावर घेत नाही. तिचं त्यात काय जातंय?"

यावर रफिकनं 'थँक यू फॉर युअर टाइम, सर' म्हणून फोन ठेवायचा असतो. तसं कंपनीच्या कागदात लिहिलेलं आहे. रफिकनं ठेवला नाही. शिपिंगमधल्या पत्रांतून शिकलेल्या इंग्रजीत, "विथ रेफरन्स टू द अबव्ह, सर" अशी सुरुवात करून, त्यानं त्या अनोळखी गुरांच्या डॉक्टरला जे सांगितलं ते त्यानं शहरबानूलाही कधी सांगितलं नव्हतं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रफिक चौदा वर्षांचा, बहीण जहांआरा एकोणीसची. रमजानचा एकोणतिसावा दिवस, ऑगस्ट महिना, आभाळ गच्च भरलेलं. आज चंद्र दिसणं शक्य नाही असं धरून गाव घरात बसलेलं. मुंबईतही चंद्र दिसला नाही असं रेडिओ सांगत होता. ही दोघं सुटलेली बकरी आणायला गावावरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, गेली होती. पश्चिमेला ढगात एक फट पडली, बहिणीनं बोट दाखवलं, आणि दोघांनीही पाहिला. ईदचा चंद्र. फट मिटली. जहांआरा तशीच धावत खाली गेली आणि वडिलांच्या पडवीत उभी राहिली.

मास्तरांनी मुलगी म्हणून सूट दिली नाही. सगळे प्रश्न विचारले, आणि तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणी पाहिला?" तिनं रफिककडे पाहिलं. पडवीत जमातीची सात-आठ माणसं बसलेली. आता आपल्याला विचारणार, टोकं कुठल्या बाजूला होती, किती बोटं वर, आणि आपण चुकलो की सगळ्यांसमोर खोटे पडणार, एवढंच रफिकला सुचलं. तो म्हणाला, "मला नाही दिसला." आणि मूग गिळून बसला.

एका साक्षीवर ईद होत नाही. दुसऱ्या दिवशी गावानं तिसावा रोजा धरला. पण ज्यानं स्वतः चंद्र पाहिला त्याची ईद झालेली असते, त्याला रोजा हराम. त्यानं आतल्या खोलीत, कुणाला न दाखवता खायचं असतं. हे तिला मास्तरांनीच सांगितलं. नियमाला पक्का माणूस. जहांआरा आतल्या खोलीत एकटी चहा पीत बसली असताना शेजारची बाई विळी मागायला आली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तरांची मुलगी रमजानात दिवसाढवळ्या खाते, आणि वर चंद्र दिसल्याची थाप मारते. हर्णैला तिचं ठरलेलं लग्न मोडलं. लोक तिला 'चांदबीबी' म्हणायला लागले. काय चांदबीबी, आज काय दिसलं? पुढे सहा वर्षांनी गुहागरकडच्या एका बिजवराला दिली. मास्तर म्हणायचे, बायामाणसांचं काय, लोक विसरतात. लोक विसरले नाहीत.

"त्या दिवशी मी रोजा धरला होता, सर," रफिक म्हणाला. "मी पाहिला होता, तरी धरला. ती आत चहा पीत होती आणि मी बाहेर उपाशी बसलो होतो. सगळे मला शाबास म्हणत होते."

कॅलम म्हणाला की गाय अडली आहे, त्याला जायला हवं.

हेमानं ते रेकॉर्डिंग संध्याकाळी ऐकलं. तिला सगळीच ऐकावी लागतात. ती बाहेर आली, रफिकच्या टेबलाशी थांबली, त्याच्या कपातला थंड झालेला चहा उचलून घेऊन गेली आणि गरम आणून ठेवला. "ही फाइल मी क्वालिटीला पाठवत नाहीये," एवढंच म्हणाली.

आठवडा गेला. एक तारखेला सहा दिवस राहिले होते. रफिक रोज आल्या आल्या मेल उघडायचा, आणि त्यात ब्रिटिश गाद्यांच्या तक्रारी असायच्या. आठव्या दिवशी मिसेस मॅक्रेचा फॉर्म पुन्हा स्कॅन होऊन आला. 'अन्य साक्षीदार: कुणी नाही' यावर काट मारलेली होती. खाली दुसऱ्या अक्षरात: कॅलम मॅक्रे, पशुवैद्य. वेळ, दिशा, रंग, शेपूट, सगळं आईच्या साक्षीशी जुळणारं, फक्त आकार त्यानं थोडा कमी लिहिला होता. शेराच्या जागी एकच वाक्य: 'ती मेंढी नव्हती.'

रफिकनं 'मंजूर' लिहिलं, सही केली, आणि मिसेस मॅक्रेला पत्र पाठवलं की सदर दिवशी सदर ठिकाणी आपण जनावर पाहिलं, याची दोन साक्षीदारांवरून खात्री झालेली आहे. जनावर कोणतं ते सांगता येत नाही. पत्रकात आकडा छापला गेला: १. हॉटेलवाल्यांना आकडा फारच कमी वाटला, पण चार महिने सगळ्यांना नाही म्हणणाऱ्यांनी एकाला हो म्हटलं, ही बातमी वर्तमानपत्रांना छापावीशी वाटली, आणि खोल्या भरल्या. हेमाचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांसाठी वाढलं. मिसेस मॅक्रेनं फोन करून कळवलं की खोली कॅन्सल झाली, कॅलम रविवारी जेवायला आला होता, मासे केले होते, आणि जनावराबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

आता झालं की. म्हातारी घरी राहिली, रफिकचा व्हिसा राहिला. कुणाही शहाण्या माणसानं इथं थांबलं असतं. पण रफिकला झोप येईना. जे सांगायला हवं होतं ते त्यानं सांगितलं होतं, पण कुणाला? स्कॉटलंडमधल्या एका गुरांच्या डॉक्टरला. त्याची आई तिच्या घरी राहिली, तो माणूस शांत झोपत असेल, आणि जिचं आयुष्य गेलं ती गुहागरकडच्या घरात एकटी होती, त्रेसष्ट वर्षांची, नवरा गेलेला. तिला रफिक दर ईदला फोन करतो. पैसे पाठवतो. तब्येत विचारतो. चंद्राचा विषय दोघांनी चव्वेचाळीस वर्षांत काढलेला नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता त्यानं मोबाइलमधल्या बोटिम ॲपवरून बहिणीला फोन लावला. शहरबानू स्वयंपाकघरात घावन घालत होती. कशफ सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली. तिला त्यानं हातानं आत जायला सांगितलं, तशी ती "ओके, ओके" म्हणत उठली.

"काय रे, या वेळेला?" जहांआरानं विचारलं. "सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. आपा, मला एक सांगायचंय."

"सांग की."

"मी पाहिला होता. सड्यावर. तू बोट दाखवलंस तेव्हा मलापण दिसला होता. बाबांसमोर मी खोटं बोललो." तो एका दमात बोलला, कारण थांबला असता तर पुढचं आलं नसतं. "तुझं सगळं माझ्यामुळे झालं. मला माफ कर."

पलीकडे तिनं पंखा बंद केला. मग ती म्हणाली, "मी कुठे बोट दाखवलं?"

"म्हणजे?"

"अरे, मला काय दिसत होतं? माझी नजर तेव्हापासूनच कमजोर. मी बकरी शोधत होते. तू ओरडलास, आपा, तिकडे बघ. मला दिसेना तर तू माझी हनुवटी धरून तोंड वळवलंस. तेव्हा दिसला. तूच दाखवलास मला."

रफिक खुर्चीत बसला. इतकी वर्षं त्याला सड्यावरचं सगळं आठवत आलं होतं, वारा, बकरीची घंटा, बहिणीचा लांबवलेला हात. त्यानं तो हात पुन्हा आठवून बघितला. कुणाचा होता ते आता त्याला सांगता येईना. शंभराच्या वर माणसांच्या साक्षी फोडणारा हा माणूस, आणि त्याची स्वतःची एक साक्ष धड नव्हती.

"मग पडवीत बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं. "बाबांनी विचारलं होतं, आणखी कुणी पाहिला. तू माझं नाव सांगायचंस."

"तू नाही म्हणालास ना."

"हो, पण तू सांगायचंस, यानंच दाखवला म्हणून."

"आणि मग?" जहांआरा म्हणाली. "एवढ्या माणसांत तू खोटा ठरला असतास. बाबांनी तुला जन्मात परत विचारलं नसतं. चौदा वर्षांचं पोर होतास तू. घरात मी एक खोटी पडले होते, तेवढं पुरे होतं."

रफिकनं चष्मा काढून डोळे पुसले. शहरबानू हातात उलथनं घेऊन दारात येऊन उभी राहिली, त्याचा चेहरा बघून काही न विचारता परत गेली.

"रडू नकोस आता," जहांआरा म्हणाली. "म्हातारा झालास. बारीक होता, नाही रे? लोकांना वाटायचं मी बनवून सांगते. पण होता."

"होता," रफिक म्हणाला.